खाचरातले शेवाळ : तगणे आणि राबणे



महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या या मुरुड गावात व्याख्यानाला उभे राहायचे, तर विषय स्त्रीशिक्षणाचा असावा, निदान समाजकारणाचा तरी असावा, अशी आपली अपेक्षा असणार. मी आज शेवाळावर बोलणार आहे. यावर कुणाला हसू आले तर माझी हरकत नाही. पण एक गोष्ट आठवावी. अण्णासाहेब कर्वे पेशाने गणिताचे प्राध्यापक होते. १८९१ पासून १९१४ पर्यंत त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवले, आणि संस्था चालवतानाही हिशेबाची वही त्यांनी कधी दूर सारली नाही. माझे आजचे व्याख्यानही हिशेबाचेच आहे. फरक इतकाच, की ज्याचा जमाखर्च मी मांडणार आहे तो जीव सूक्ष्मदर्शकाशिवाय नीट दिसत नाही, आणि त्याचा खर्च पैशांत नसून ऊर्जेत आहे.

लावणी आटोपली की दोन-तीन आठवड्यांत खाचरातल्या साचल्या पाण्यावर निळसर हिरवी साय धरते. चिखलावर बुळबुळीत थर बसतो, बांधाच्या कडेला मऊ गोळे दिसतात. शेतकऱ्याचे तिकडे लक्ष जाते ते बहुधा पाय घसरल्यावर. कृषी खात्याच्या पत्रकांत याला ‘निळे-हिरवे शेवाळ’ म्हणतात, शास्त्रज्ञ सायनोबॅक्टेरिया म्हणतात. हे जीव खरे तर जीवाणू आहेत. पण झाडासारखे उन्हावर अन्न तयार करतात आणि प्राणवायू सोडतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जातींना आणखी एक विद्या येते, जी कुठल्याही झाडाला येत नाही. हवेतले नत्र पकडून त्याचा अमोनिया करणे, म्हणजे नत्र स्थिरीकरण. आपल्या भोवतालच्या हवेत ७८ टक्के नत्र आहे. भाताचे रोप त्या नत्रात आकंठ बुडालेले असते आणि तरीही नत्रावाचून पिवळे पडते. कारण हवेतले नत्र त्याला खाता येत नाही. शेवाळाला येते.

ही गोष्ट पक्केपणाने मांडली ती एका भारतीयाने. खत न घालता बंगालमधली भातशेते शतकानुशतके पिकत कशी राहिली, हा प्रश्न घेऊन पी. के. डे यांनी काम केले आणि १९३९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात उत्तर दिले, की भातखाचरातले नत्र मुख्यतः या शेवाळातून येते. पुढे १९५० साली बनारस हिंदू विद्यापीठाचे आर. एन. सिंह यांनी उत्तर प्रदेशातल्या ‘उसर’ जमिनी, म्हणजे क्षाराने वाया गेलेल्या जमिनी, याच शेवाळाच्या मदतीने सुधारता येतात असे दाखवले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत जी. एस. वेंकटरामन यांनी शेतकऱ्याला घरच्या घरी करता येईल अशी पद्धत बसवली. उथळ वाफ्यात माती, थोडे सुपर फॉस्फेट, पाणी आणि मूळ वाण घालायचे. थर वाळून पापुद्रे सुटले की ते गोळा करून लावणीनंतर आठवड्याने खाचरात हेक्टरी दहा किलो टाकायचे. इतके सोपे, इतके स्वस्त. मग हे घरोघर का पसरले नाही? मूळ वाणाच्या एकाच पाकिटातून आलेले शेवाळ एका खाचरात राबते आणि दुसऱ्या खाचरात नुसते पडून राहते, असे का होते?

याचे नेहमीचे उत्तर असे, की पाकीट खराब होते किंवा शेतकऱ्याने नीट वापरले नाही. मला हे उत्तर पटत नाही. माझे म्हणणे असे आहे, की आपण प्रश्नच चुकीच्या टोकाकडून विचारतो. शेवाळ खाचरात आहे की नाही हे आपण पाहतो. ते ज्या परिस्थितीत आहे तीत त्याला नत्र बांधणे परवडते की नाही, हे पाहत नाही. तगणे वेगळे आणि राबणे वेगळे. हा जीव तगण्यात इतका पटाईत आहे, की त्याच्या तगण्यावरून त्याच्या कामाचा अंदाज बांधणारा माणूस हटकून फसतो.

आधी कामाची किंमत पाहू. नत्राचे दोन अणू एकमेकांना तीन बंधांनी जखडलेले असतात. हे बंध तोडण्यासाठी कारखान्यात चारशे-पाचशे अंश सेल्सियस तापमान आणि हवेच्या दीड-दोनशे पट दाब लागतो; आपल्या किनाऱ्यावर थळला जो खत कारखाना उभा आहे, त्याचा पायाही हाच. शेवाळ तेच काम खाचरातल्या कोमट पाण्यात, नायट्रोजनेज नावाच्या विकराच्या जोरावर करते. पण फुकट करत नाही. पेशीतले ऊर्जेचे चलन एटीपी. नत्राच्या एका रेणूमागे असे किमान सोळा रेणू मोजावे लागतात, वर आठ इलेक्ट्रॉन. त्यातलेही दोन इलेक्ट्रॉन हायड्रोजन वायूत जातात, अमोनियाच्या पदरात पडत नाहीत. एवढ्यावर भागत नाही. नायट्रोजनेजला प्राणवायू लागला की ते निकामी होते, आणि शेवाळ तर स्वतःच प्राणवायू सोडणारे! एकाच घरात विस्तव आणि दारू ठेवण्याचा हा प्रकार. यावर अ‍ॅनाबीना, नॉस्टॉक यांसारख्या माळेच्या आकाराच्या जातींनी तोड काढली. माळेतल्या दर दहा-वीस पेशींमागे एक पेशी जाड भिंतीची होते. ती प्राणवायू तयार करणे थांबवते आणि फक्त नत्र बांधते. तिला हेटरोसिस्ट म्हणतात. ही पेशी पुन्हा कधी विभागत नाही, तिची संतती थांबली. स्वतःपुरती साखर तिला करता येत नाही. शेजारणी साखर पुरवतात आणि बदल्यात नत्र घेतात. म्हणजे विकराचा खर्च, जाड भिंतीचा खर्च, आणि माळेतला दहावा-विसावा घटक वाढीतून कायमचा वजा. इतके महाग काम कुणी हौसेने करील का? करत नाहीच. पाण्यात तयार अमोनिया मिळाला की शेवाळ नवे हेटरोसिस्ट घडवणे बंद करते. नत्र बांधणे हा त्याचा स्वभाव नसून नाइलाज आहे. ही एक गोष्ट मनात पक्की ठेवा, पुढचे बहुतेक सगळे तिच्यातूनच निघते.

कारण ज्याचे उत्पन्न बेताचे आणि एक खर्च इतका मोठा, तो अडचणीत आला की काय करील? तोच खर्च आधी थांबवील, आणि परिस्थिती सुधारल्यावर तोच सर्वांत शेवटी पुन्हा सुरू करील. शेवाळ नेमके हेच करते.

कोरडेपणाचा ताण घ्या. त्याचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. दापोलीपासून खाली राजापूरपर्यंत जांभ्याचे सडे पसरले आहेत. पावसाळ्यात त्यांवर पाणी साचते, फुले येतात. दिवाळीनंतर ते भाजून निघतात. त्या कातळावर, जांभ्याच्या गडग्यांवर, जुन्या देवळांच्या भिंतींवर जो काळा थर दिसतो, तो निव्वळ काजळी किंवा मळ नव्हे. त्यात मोठा वाटा याच शेवाळांचा आहे. त्यांच्या भोवतीच्या चिकट आवरणात स्कायटोनेमिन नावाचे रंगद्रव्य असते; ते उन्हातले अतिनील किरण शोषून घेते, आणि तेच त्या थराला काळपट तपकिरी रंग देते. आठ महिने हा थर सुकून पापडासारखा पडलेला असतो. मेलेला नसतो. नॉस्टॉकचे वनस्पतिसंग्रहात वाळवून ठेवलेले नमुने ८७ वर्षांनी पाण्यात टाकल्यावर पुन्हा वाढल्याची नोंद आहे. तगण्याची याहून मोठी साक्ष कुठली? पण आता राबण्याकडे पाहा. सुकलेल्या नॉस्टॉकवर पाणी पडले की त्याचे श्वसन काही मिनिटांत सुरू होते, प्रकाशसंश्लेषण त्यानंतर सावरते आणि नत्र स्थिरीकरण सर्वांत मागाहून, काही दिवसांनी. आधी घर सावरायचे, मग उन्हातून कमाई सुरू करायची, आणि हाताशी शिल्लक पडली की मगच नत्राचा महागडा उद्योग. यातून आपल्या पावसाबद्दल एक निष्कर्ष निघतो. मृगाचा पाऊस दहा दिवस सलग लागला, आणि तोच पाऊस मध्ये मध्ये कडक उघडीप देत पंचवीस दिवसांत पडला, तर पर्जन्यमापकाला दोन्ही सारखेच. शेवाळाला नाहीत. दर उघडिपीत थर सुकतो आणि दर सरीला तो पुन्हा पहिल्या पायरीवरून सुरुवात करतो. तिसऱ्या पायरीपर्यंत पोचायच्या आत पुन्हा ऊन. पावसाची एकूण बेरीज तीच राहून त्याची वाटणी बिघडली, तरी सड्यावरचे नत्र घटेल. हवामानबदलाची चर्चा आपण बहुतेक वेळा एकूण मिलिमीटरांत करतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

खाचरात पाणी साचलेले असते, तेव्हा तिथे कोरडेपणाची भीती कमी. तिथला ताण मातीचा. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी. या शेवाळांना उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी पाणी मानवते. आम्ल मातीतले लोह आणि अ‍ॅल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात, सोडत नाहीत. आणि आत्ताच ज्या एटीपीचे सोळा रेणू मोजले, त्याच्या घडणीतच स्फुरद आहे. नायट्रोजनेजला लोहाबरोबर मॉलिब्डेनम लागते. आम्ल मातीत तेही कमी मिळते. म्हणजे विटा आणि चुना दोन्हींची टंचाई, आणि आपण विचारतो गवंडी आळशी का! सुदैवाने खाचर पाण्याखाली गेले की काही आठवड्यांत मातीची आम्लता आपोआप उतरते. आणि आपल्या राबाच्या, म्हणजे पालापाचोळा जाळून रोपवाटिकेची जमीन भाजण्याच्या पद्धतीत, जिच्यावर जंगल आणि धूर यांच्या कारणाने योग्य टीका होते, राखेमुळे रोपवाटिकेतली आम्लता कमी होते आणि थोडे क्षारही मिळतात. राब जाळावा असे मी म्हणत नाही. पण ती राख काय करत होती हे न पाहता आपण ती पद्धत मोडली, तर तिची जागा कशाने भरायची हेही ठरवावे लागेल. स्फुरदाची उणीव मूठभर सुपर फॉस्फेटने भरते, हे वेंकटरामन यांच्या वाफ्यातच दिसले होते.

ढगाळ आषाढातला अपुरा उजेड, भाताची पाने मिटून आल्यावर पाण्यावर पडणारी सावली, शेवाळ खाऊन टाकणाऱ्या गोगलगाई आणि बारीक कवचधारी प्राणी, बांध ओलांडून सगळे धुऊन नेणारी अतिवृष्टी, या गोष्टीही आहेत. त्यांच्यावर वेळ घालवत नाही. तापमानाबद्दलही एकच वाक्य: पंचवीस ते पस्तीस अंशांत हे काम चांगले चालते, आणि पावसाळ्यात आपल्या खाचरात साधारण तेवढेच असते.

आता मिठाकडे येऊ. इथे थांबायला हवे, कारण या किनाऱ्याचा खरा ताण हाच आहे, आणि यावरचे जगात वाखाणले गेलेले काम आपल्याच कोकण किनाऱ्याच्या उत्तर भागात झाले. खाडीकाठाने बांध घालून, उघाडी बसवून, भरतीचे पाणी अडवून काढलेल्या खारजमिनी आपल्या सगळ्यांच्या परिचयाच्या. त्यांत पूर्वीपासून काळा राता, भुरा राता अशी मीठ सोसणारी भाते होती. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पुढे सुधारित वाण काढले. भाताचे झाले. शेवाळाचे काय? ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात जोसेफ थॉमस आणि श्रीकुमार आपटे यांनी १९८०च्या आसपास हा प्रश्न हाती घेतला. त्यांनी दोन जाती समोरासमोर ठेवल्या: एक मचूळ पाण्यातली, मीठ सोसणारी अ‍ॅनाबीना टोरुलोसा, दुसरी गोड्या पाण्यातली, मिठाला हळवी, अ‍ॅनाबीना एल-३१.

पहिला निष्कर्ष कोड्यासारखा आहे. १९८० साली त्यांनी दाखवले, की सोडियम मुळीच नसेल तर या शेवाळांचे नायट्रोजनेज नीट चालतच नाही. म्हणजे जे मीठ जास्त झाले की मारते, तेच थोडे लागते. दुसरा निष्कर्ष असा, की मीठ सोसणारी जात सोडियम आत घेऊन पचवत नाही. ती त्याला दारातच अडवते. फारच थोडे सोडियम पेशीत जाते, बरेचसे बाहेरच्या चिकट आवरणात अडकून पडते. आणि तिसरा निष्कर्ष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खारे पाणी पेशीला दोन प्रकारे छळते. एक, बाहेर क्षार जास्त म्हणून पेशीतले पाणी ओढले जाते. दोन, सोडियमचे कण स्वतः आत घुसून रसायन बिघडवतात. हे दोन छळ वेगळे करता येतील का? येतात. पाण्यात मिठाऐवजी साखरेसारखा पदार्थ तेवढ्याच प्रमाणात घातला, की पहिला छळ राहतो, दुसरा जातो. आपटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली हे प्रसिद्ध केले. त्यात दिसले, की नत्र स्थिरीकरण कोलमडते ते सोडियममुळे. नुसत्या पाणी ओढले जाण्याने नाही. आणखी चमत्कारिक म्हणजे, मीठ सोसणारी टोरुलोसा नुसत्या पाण्याच्या ओढीला हळवी निघाली, आणि मिठाला हळवी एल-३१ त्या ओढीला खंबीर निघाली. काटक म्हणजे सगळ्याच संकटांना काटक, असा आपला समज असतो. इथे तो साफ मोडतो.

याचा अर्थ काय होतो ते पाहा. ‘ताणाचा नत्र स्थिरीकरणावर परिणाम’ असे सरसकट वाक्य आपण लिहितो, त्यात ताण हा शब्द एकवचनी आहे. प्रत्यक्षात ताण अनेक आहेत आणि ते जमाखर्चाच्या वेगवेगळ्या रकान्यांवर घाव घालतात. कोरडेपणा उत्पन्नच थांबवतो. स्फुरदाचा तुटवडा चलनच आटवतो. सोडियम खर्च वाढवते, कारण आत घुसलेले प्रत्येक सोडियम बाहेर ढकलायला ऊर्जा लागते. शिवाय ते कारखान्यातल्या यंत्रांनाही इजा करते. म्हणून एका ताणावरचा उपाय दुसऱ्यावर लागू पडत नाही. सड्यावरचे उन्हाने भाजलेले, सर्वांत चिवट दिसणारे शेवाळ उचलून खाजणात टाकले, तर ते तगेलही. राबेलच अशी खात्री कुणी देऊ नये.

पण आपल्या खाचरातला सर्वांत मोठा अडसर कोणता? मीठ नाही, ऊन नाही. युरिया. हे ऐकून कुणी म्हणेल, खताला ताण कसे म्हणता? नाव काहीही द्या, परिणाम पाहा. लावणीनंतर युरिया फोकला की खाचरातल्या पाण्यात अमोनिया वाढतो, आणि आत्ताच पाहिल्याप्रमाणे, आयते नत्र मिळाले की शेवाळ हेटरोसिस्ट घडवत नाही. ते वाढते, जास्त हिरवे दिसते. पण आपल्या खतावर वाढते. त्यात आणखी एक खोच आहे. ट्रॉम्बेच्या प्रयोगांत अमोनियासारखे तयार नत्र दिले की शेवाळाचे मिठापासून बऱ्यापैकी रक्षण होते, असेही दिसले. म्हणजे खारजमिनीत युरिया फोकणारा शेतकरी शेवाळाला एकाच वेळी वाचवतोही आणि बेकारही करतो. खाचर हिरवेगार, नत्राची नवी जमा शून्य. तगणे आणि राबणे यांतले अंतर याहून उघडपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आता आक्षेप. पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा, आणि तो वजनदार आहे. शेवाळ एका हंगामात हेक्टरी पंचवीस-तीस किलो नत्र देते, तेही सगळे जुळले तर. सुधारित भाताची शिफारस शंभर किलोची. मग या पंचवीस किलोंसाठी इतका खटाटोप कशाला? पोते आणावे, फोकावे, मोकळे व्हावे. हा हिशेब फसवा आहे, कारण त्यात पोत्यातले किलो धरले आहेत, रोपात गेलेले नाहीत. साचल्या पाण्यात फोकलेल्या युरियातले जेमतेम तीस-चाळीस टक्के नत्र पिकाला मिळते. बाकीचे हवेत उडते, वाहून जाते, खाली झिरपते. कोकणच्या पावसात ते वाहून जायला फार वेळ लागत नाही. गंमत अशी, की उडवण्यात शेवाळाचाही हात असतो: युरियावर फोफावलेले शेवाळ दुपारी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, पाणी अल्कधर्मी होते, आणि अमोनिया वायुरूपाने निघून जातो. तेव्हा शेवाळ की युरिया हा वादच खोटा आहे. खरा प्रश्न युरिया कुठे ठेवायचा हा आहे. आणि त्याचे उत्तर इथून हाकेच्या अंतरावर, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दिलेले आहे. युरिया-डीएपीच्या ब्रिकेट, म्हणजे गोळ्या, चार चुडांच्या मध्ये चिखलात खोल दाबायच्या. नत्र मुळाशी राहते, वरच्या पाण्यात फारसे येत नाही. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतल्या कामात असे आढळले होते, की खत खोल दिले की पाण्यातले शेवाळ नत्र बांधत राहते. गोळ्यांची शिफारस झाली ती खत वाचावे म्हणून. शेवाळाला कामावर ठेवणे हा तिचा दुसरा फायदा कुणी सांगत नाही. गोळीतले स्फुरद मात्र खाली जाते, वरच्या शेवाळाला मिळत नाही. म्हणून वर थोडे सुपर फॉस्फेट लागेलच.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा. तुम्ही परिस्थितीवर इतका भर देता, मग उत्तम वाण शोधून टाकण्याचे महत्त्व काहीच नाही का? त्याच भात संशोधन संस्थेतल्या पिएर रोजे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली भारतासह चार देशांतल्या भातजमिनींचे शंभराहून अधिक नमुने तपासले. हेटरोसिस्ट असणारी शेवाळे सगळ्या नमुन्यांत सापडली. आणि शिफारशीप्रमाणे पाकिटातून जेवढी पडतात, त्यापेक्षा बहुतेक जमिनीत ती आधीच जास्त होती. शेतात नाही म्हणून शेवाळ टाकायचे, हे गृहीतकच यामुळे ढासळते. पण म्हणून वाणाचे महत्त्व संपत नाही. खारजमिनीत मीठ अडवणारी जात हवी, आणि ती तिथल्याच मातीतून निवडलेली हवी. प्रयोगशाळेत जनुके बदलून उष्णता आणि मीठ जास्त सोसणारी अ‍ॅनाबीना तयार करता येते. ट्रॉम्बेलाच तेही करून झाले आहे. ते काम मोलाचे आहे, कारण त्यातून ताण नेमका कुठे लागतो ते कळते. मात्र काचेच्या चंबूत गोगलगाय नसते, शेजारी दुसरे शेवाळ नसते, आणि पहाटे बांध फुटत नाही.

तिसरा आक्षेप आशावाद्यांचा, आणि तो ऐकायला सर्वांत गोड. हे जीव दोन-अडीच अब्ज वर्षांपूर्वीपासून पृथ्वीवर आहेत, आपण ज्यात श्वास घेतो तो प्राणवायू यांनीच हवेत भरला. एवढ्या उलथापालथी पाहिलेल्यांना आपल्या चार अंशांच्या बदलाची काय भीती? बरोबर आहे. त्यांना भीती नाहीच. भीती आपल्याला आहे. सायनोबॅक्टेरिया नामशेष होतील असे कुठलाही शहाणा माणूस म्हणत नाही. उलट गढूळ, खतावलेल्या तळ्यांत त्यांतल्या काही जाती इतक्या माजतात, की पाणी विषारी होते. आणि अशा माजणाऱ्यांत नत्र न बांधणाऱ्या जातीही पुष्कळ. समोरच्या अरबी समुद्रातही फेब्रुवारी ते मे या काळात, वारा पडलेला असताना, ट्रायकोडेस्मियम नावाच्या शेवाळाचे तपकिरी पट्टे दिसतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७०च्या दशकातच त्यांचा अभ्यास केला. समुद्राला नत्र देणाऱ्या जीवांत ही जात अग्रेसर. पण तिचेही गणित लोह आणि स्फुरदावर अडते. जीव टिकेल, हा दिलासा त्याच्या कामावर ज्याचे पोट आहे त्याच्या उपयोगाचा नाही.

राहिला चौथा आक्षेप, आणि तो थॉमस आणि आपटे यांनी स्वतःच आपल्यावर घेतला आहे, म्हणून मला त्यांच्या लेखनाचा विशेष आदर वाटतो. १९९७ साली त्यांनी खारजमिनीच्या मातीवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. मातीची विद्युतवाहकता पाच ते साडेआठ डेसिसायमन प्रति मीटर, म्हणजे मध्यम खारट. त्यावर टोरुलोसा चांगली वाढली, तिने नत्र बांधले, मातीतले नत्र लक्षणीय वाढले. इतके झाल्यावर कुणीही जाहीर केले असते, की शेवाळाने मीठ काढून टाकले. त्यांनी तसे केले नाही. शेवाळ जिवंत असेतो सोडियम अडकवून ठेवते, पण मेल्यावर, कुजल्यावर ते मातीत परत येते. म्हणून जमीन कायमची गोडी करण्याचा हा मार्ग नव्हे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. मात्र पीक उभे असतानाच शेवाळ वाढवले, तर त्या दिवसांपुरता मिठाचा जाच कमी होईल आणि नत्रही मिळेल.

त्या दिवसांपुरता, हे शब्द खारजमिनीसाठी फार कामाचे आहेत. खाजणातले मीठ वर्षभर सारखे नसते. मे महिन्यात खालून वर चढून ते पृष्ठभागावर पांढरे फुटते. जून-जुलैच्या पावसाने धुऊन खाली जाते. पाऊस ओसरला की पुन्हा वर येऊ लागते. भाताची पाने मिटून पाण्यावर सावली पडायला लावणीनंतर चार-पाच आठवडे लागतात. मीठ उतरलेले आहे आणि उजेड अजून पाण्यापर्यंत पोचतो आहे, असा काळ वर्षातून एकदाच येतो आणि तो फार तर महिना-सव्वा महिन्याचा असतो. शेवाळाचे सारे काम त्या अवधीत बसवायचे आहे. त्याच अवधीत आपण वरून युरिया फोकतो. तो फोकायचा नसेल, गोळ्या दाबायच्या असतील, थोडे स्फुरद वर द्यायचे असेल आणि त्याच खाडीकाठच्या मातीतले वाण घालायचे असेल, तर त्याआधी एक साधे मोजमाप हवे: लावणीच्या आठवड्यात त्या खाचरातल्या पाण्याची विद्युतवाहकता किती? ती मोजणारे यंत्र हातात मावते, आणि शाळेतला मुलगाही ते पाण्यात बुडवून आकडा वाचू शकतो. मातीचा तो पाच-साडेआठचा पट्टा ढोबळ खूण म्हणून धरला आणि पाण्याचा आकडा त्यात किंवा त्याखाली असेल, तर शेवाळावर वेळ घालवण्यात अर्थ आहे. भर पावसातही तो चढाच राहिला, तर भरतीचे पाणी आत येत आहे असे समजावे. आणि तिथे पाकीट नको, विद्यापीठ नको, ट्रॉम्बेही नको, आधी बांधाची खांड बुजवावी आणि उघाडीची झडप बदलावी.